नोंद कुणाच्या नावावर

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास कळव्यातल्या आमच्या घरातला पंखा थांबला. बाबा म्हणाले, “फ्यूज बघ.” फ्यूज ठीक होता. समोरच्या इमारतीतल्या बायकाही गॅलरीत येऊन एकमेकींना ‘तुमच्याकडे पण का?’ विचारत होत्या. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळंच एकदम बसलंय आणि लोकल जागच्या जागी उभ्या आहेत, हे हळूहळू फोनवरून कळत गेलं. पडघा-कळवा ४०० केव्हीच्या वाहिन्या ट्रिप झाल्याची बातमी आली तेव्हा बाबांना जरा कौतुकच वाटलं. “बघ, कळव्याचं नाव निघालं.”

मला मात्र महापे आठवत होतं. तिथे एमआयडीसीत, एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी कंपनी आणि तिच्या कोपऱ्यातल्या खोलीत आमचा सर्व्हर. वाशीच्या घाऊक बाजारातल्या काही व्यापाऱ्यांची बिलं आणि उधारी आम्ही सांभाळतो. कांदा-बटाट्याचा गाळेवाला पहाटे माल उतरवतो, सकाळी बिल फाडतो, आणि ते बिल आमच्या डेटाबेसमध्ये जाऊन बसतं. यूपीएस चाळीस मिनिटांचा. ती संपली की काय होणार ते मला ठाऊक होतं. म्हणजे, ठाऊक आहे असं वाटत होतं.

सर्व्हर धाडकन बंद पडला तर डेटाबेस मरत नाही. आमचा डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे मायएसक्यूएल; त्यातला डेटा साठवणारा भाग, इनोडीबी, प्रत्येक बदल आधी वेगळ्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, लिहून ठेवतं. वीज आली की ते स्वतःच तो लॉग वाचतं, अर्धवट राहिलेलं उलटवतं, पूर्ण झालेलं बसवतं आणि उभं राहतं. असे झटके आम्ही पावसाळ्यात कितीदा खाल्लेत. त्यामुळे दुपारनंतर महाप्यात वीज आल्यावर ऑफिसातल्या मुलाचा फोन आला, “मॅडम, मायएसक्यूएल चालूच होत नाहीये,” तेव्हा मी निवांतपणे म्हणाले, “एरर लॉग वाच.”

हा मुलगा घणसोली गावातला. लॉकडाऊनमध्ये लोकल फक्त अत्यावश्यकवाल्यांना, त्यामुळे चालत ऑफिसला पोचू शकणारा तो एकटाच. कामाला चोख, जरा घाईचा. त्याने वाचून दाखवलं: ऑपरेटिंग सिस्टिम एरर नंबर १३. पुढे इंग्रजीत जे लिहिलं होतं त्याचा अर्थ असा की मायएसक्यूएलला त्या डिरेक्टरीत शिरायचा हक्क नाही.

१३ म्हणजे परमिशन डिनाइड. डिस्क शाबूत, फाईली शाबूत, डेटा शाबूत. फक्त घरमालकाला दारात अडवलेलं. आणि सकाळी दहापर्यंत तर तो त्याच घरात निवांत राहत होता.

“शनिवारी काही केलं होतंस का रे?”

जरा वेळ काही आवाज नाही. मग, “रिपोर्टची स्क्रिप्ट फोल्डरमध्ये लिहू शकत नव्हती, म्हणून मालक बदलला. डेटा फोल्डरचा.”

“पूर्ण डेटा फोल्डरचा? आतल्या सगळ्यासकट?”

“हो, मायनस कॅपिटल आर देऊन.”

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण या गोष्टीतला सगळा गंमतीचा भाग (आज गंमतीचा म्हणते) याच ठिकाणी आहे. मोठ्या डिस्कवर ‘डेटा’ नावाचा एक फोल्डर होता. त्यात एका बाजूला ‘रिपोर्ट्स’, दुसऱ्या बाजूला ‘मायएसक्यूएल’. मुलाला पाहिजे होता पहिला. त्याने मालकी बदलायची कमांड, आम्ही तिला चाउन म्हणतो, वरच्या फोल्डरवर मारली आणि खालचं सगळं अ‍ॅपच्या युजरच्या नावावर झालं. डेटाबेसच्या फाईलीसुद्धा. तरी शनिवार, रविवार आणि सोमवारी दहापर्यंत एकही तक्रार आली नाही, कारण लिनक्समध्ये, म्हणजे आमच्या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, परवानगी तपासली जाते ती फाईल उघडताना. एकदा उघडली की हातातला धागा तसाच राहतो; मागे मालक बदलो, परवानगी काढून घेवो, चालू प्रोसेसला त्याचा पत्ताही लागत नाही. आमची टेबलं मोजकी, सगळी आधीच उघडलेली. कुणी एखादं नवीन टेबल बनवायला गेलं असतं तर शनिवारीच बोंब झाली असती. कुणी गेलं नाही.

वीज गेली आणि सगळे धागे एकदम तुटले.

बाबा तलाठी होते. ठाणे जिल्ह्यातच बदल्या होत राहिल्या, निवृत्तही इथेच झाले. मी काय काम करते ते त्यांना कधी धड कळलं नाही, पण ही मालकीची भानगड त्यांना लगेच कळते. त्या दिवशी मी हेल्मेट शोधत होते आणि ते विचारत होते, “ताबा कुणाचा होता?”

“मायएसक्यूएलचा.”

“आणि नोंद?”

“शनिवारपासून दुसऱ्याच्या नावावर.”

“मग ताबा होता तोवर चाललं. उठून बाहेर गेला, परत आला, तर दारात अडवणारच ना.”

याहून नेमकं मी नव्या मुलांना आजवर सांगू शकलेले नाही. प्रत्येक फाईलचा एक उतारा असतो. एलएस-एल ही कमांड दिली की तो समोर येतो. मालक कोण, गट कोणता, आणि नऊ घरांची एक ओळ: तीन मालकाची, तीन गटाची, तीन बाकीच्या सगळ्यांची. प्रत्येक तिघांत वाचणं, लिहिणं, चालवणं. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, बेरीज केली की ६४० किंवा ७५० असे आकडे बनतात. फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणं’ म्हणजे त्यातून ये-जा करणं. बाबांच्या भाषेत वहिवाट. तुमचं शेत तुमच्या नावावर असेल, पण तिथवर जायच्या वाटेत कुणाच्या बांधावरून जायचा हक्क नसेल तर शेत असून नसल्यासारखं. डेटाबेसचं तसंच. आतली फाईल पूर्णपणे मायएसक्यूएलची आहे, पण वरच्या चार फोल्डरांपैकी एकाने वहिवाट अडवली की तोच १३ नंबर. नेमआय नावाची एक छोटी कमांड आहे, तिला मायनस एल दिलं की ती मुळापासून फाईलपर्यंतचा एकेक टप्पा आणि त्याचा मालक ओळीने दाखवते. ती फार कमी लोकांना माहीत असते. लोक शेवटच्या फाईलकडे टक लावून बसतात आणि अडथळा असतो तीन पायऱ्या वर.

आणखी एक गोष्ट बाबांना फार आवडली होती. लिनक्समध्ये फाईलचा मालकसुद्धा आपली फाईल परस्पर दुसऱ्याच्या नावावर करू शकत नाही. ते फक्त रूटला, म्हणजे मशीनवरच्या सर्वाधिकारी युजरला, करता येतं. “म्हणजे सगळी वर्ग दोनची जमीन,” ते म्हणाले. भोगवटादार वर्ग २. कसा, खा, पण वरच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही.

तर मी स्कूटर काढली. विटाव्याच्या पुलाखाली त्या दिवशी पाणी नव्हतं, हे नशीब. ठाणे-बेलापूर रोडवरचे काही सिग्नल अजून बंद होते. दिघा, ऐरोली मागे पडलं. निघताना मी मुलाला बजावून सांगितलं होतं, “कशाला हात लावू नकोस, मी येतेय.” त्यावर तो म्हणाला होता, “मॅडम, सेव्हन सेव्हन सेव्हन मारू का? तेवढ्यात चालू होईल.”

“नको.”

पण व्यापाऱ्यांचे फोन त्याला येत होते, मला नाही. आणि बाजारातला माणूस फोनवर कसा बोलतो ते ज्याने ऐकलंय त्यालाच माहीत.

रबाळ्याच्या आधी फोन वाजला. बाजूला घेतली. “मॅडम, चालू झालं!”

“काय केलंस?”

“सेव्हन सेव्हन सेव्हन. डेटालाही, आणि म्हटलं उगाच राहायला नको, कॉन्फिगला पण.”

पोटात गोळा येणं म्हणजे काय ते मला त्या फुटपाथवर कळलं. डेटा फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, देणं वाईट आहेच. फोल्डरमध्ये लिहायची परवानगी म्हणजे त्यातली फाईल पुसायची परवानगी. फाईल कुणाच्याही मालकीची असो, साध्या फोल्डरमध्ये ती पुसता येते की नाही हे फोल्डर ठरवतो. म्हणजे त्या मशीनवरचा कुठलाही क्षुल्लक युजर अख्खा डेटाबेस केर काढावा तसा काढू शकला असता. पण ते ‘शकला असता’. कॉन्फिगच्या, म्हणजे सेटिंग्ज लिहिलेल्या, फाईलींना ७७७ देण्याचा परिणाम मात्र तत्काळ होतो. मायएसक्यूएल सुरू होताना आपली कॉन्फिग फाईल बघतं, आणि ती जगातल्या कुणालाही लिहिता येतेय असं दिसलं तर ती वाचतच नाही. लॉगमध्ये एक वॉर्निंग टाकतं आणि पुढे चालू लागतं. कॉन्फिग नाही, म्हणजे सगळं डिफॉल्टने. डेटा कुठे आहे हेसुद्धा.

आमचा डेटा त्या वर्षीच्या १४ मार्चला, एका शनिवारी, मीच जुन्या जागेवरून मोठ्या डिस्कवर हलवला होता. जुनी जागा म्हणजे लिनक्सवर मायएसक्यूएल पहिल्यापासून जिथे राहतं तीच, व्हार-लिबमधली. आणि जुना फोल्डर मी ‘असू दे, महिनाभराने काढू’ म्हणून तसाच ठेवला होता. पुढे लॉकडाऊन लागला आणि तो महिना कधी आलाच नाही. त्या फोल्डरचा मालक मायएसक्यूएल, परवानग्या चोख. रिकाम्या ठेवलेल्या जुन्या घराचं कुलूप अगदी ठीकठाक.

“एकदा स्क्रीनवर शेवटचं बिल कुठल्या तारखेचं दिसतंय बघ.”

“मॅडम... १४ मार्च.”

ऑक्टोबरच्या दुपारी आमच्या सर्व्हरवर मार्च चालू होता. जनता कर्फ्यूच्या आधीचा, मास्क न लावता बाजारात गर्दी करणारा मार्च. आणि वीस-पंचवीस मिनिटांत व्यापाऱ्यांनी त्याच मार्चमध्ये ऑक्टोबरची बिलं फाडायला सुरुवातही केली होती.

“बंद कर. आत्ता. बाकी कशाला हात लावू नकोस.” या वेळी त्याने ऐकलं.

ऑफिसात पोचल्यावरचं काम तासाभराचं, फारसं सांगण्यासारखं नाही. आधी कॉन्फिगच्या फाईली परत रूटच्या नावावर, ६४४. रूटने लिहाव्यात, बाकीच्यांनी वाचाव्यात, मायएसक्यूएलनेही फक्त वाचाव्यात. हे शेवटचं लोकांना विचित्र वाटतं. मायएसक्यूएलचीच कॉन्फिग, मग तिचा मालक मायएसक्यूएल का नको? २०१६ च्या सप्टेंबरमध्ये याचंच उत्तर जाहीर झालं होतं, सीव्हीई-२०१६-६६६२ या सुरक्षा त्रुटीच्या नंबराने. डेटाबेसमध्ये कसाबसा शिरलेला माणूस लॉगिंगच्या आडून कॉन्फिग फाईलमध्ये आपल्या ओळी घुसवू शकत होता, आणि डेटाबेस सुरू करणारी स्क्रिप्ट रूट म्हणून चालत असल्यामुळे पुढच्या रीस्टार्टला त्याचा कोड थेट रूटच्या अधिकाराने चालत होता. ज्या मशीनवर कॉन्फिग मायएसक्यूएलच्या नावावर होती, तिथे वाट मोकळीच. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. शेतकऱ्याने आपला उतारा वाचावा, नक्कल घ्यावी, हरकत घ्यावी. पण नोंदवहीत स्वतः लिहायचं नसतं. फेरफार नमुना ६ मध्ये चढतो, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो, तेव्हा कुठे सातबारा बदलतो.

मग डेटाच्या फाईली मायएसक्यूएलच्या नावावर, फोल्डर ७५०, फाईली ६४०. यात एक खोच आहे. मायएसक्यूएल ५.७ पासून सर्व्हर स्वतःच्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या डेटाच्याच फोल्डरमध्ये बनवून ठेवतो, आणि त्यातल्या खाजगी किल्ल्या ६०० असाव्या लागतात. सगळ्यांना सरसकट ६४० लावलं की त्याही ६४० होऊन बसतात आणि कुणाला कळत नाही. ज्या घाईने ७७७ लागतं, त्याच घाईने दुरुस्तीही लागते. मी त्या हाताने एकेक वेगळ्या केल्या.

आमच्या सर्व्हरवरच्या लिनक्सवर, उबुंटूवर, अ‍ॅपआर्मर नावाचा दुसरा पहारेकरीही असतो. डेटा हलवताना मार्चमध्येच त्याच्या यादीत नवा पत्ता घातला होता, म्हणून त्या दिवशी त्याच्याशी भांडण झालं नाही. रेडहॅटच्या लिनक्सवर हेच काम एसईलिनक्स करतं. एलएस-एलमध्ये सगळं बरोबर दिसतंय आणि तरीही १३ येतोय, असं झालं की बऱ्याचदा या दोघांपैकी एकाचा हात असतो. लोक तेव्हाही ७७७ मारतात. त्याने काडीचाही फरक पडत नाही, कारण अडवणारा तो दरवाजाच नसतो.

सगळं उभं राहिलं. लॉग वाचून डेटाबेसने स्वतःला सावरलं, सकाळी दहाच्या आसपासचं शेवटचं बिल दिसलं. चुकीच्या मार्चमध्ये फाडलेली अकरा बिलं मुलाने एकेक करून इकडे उतरवली. मी त्याला रागावले नाही. म्हणजे, रागावले, पण त्यापेक्षा माझा राग मायएसक्यूएलवर होता.

कारण पोस्टग्रेसक्यूएल हा दुसरा डेटाबेस असता तर हे झालं नसतं. पोस्टग्रेस या बाबतीत आडमुठं आहे आणि मला ते आवडतं. रूट म्हणून चालवायला जा, ते चालतच नाही, साध्या युजरने या म्हणतं. डेटाच्या फोल्डरचा मालक आणि चालवणारा एकच नसेल, तर नाही. त्या फोल्डरची परवानगी ७०० नसेल, तर नाही. २०१८ मधल्या अकराव्या आवृत्तीपासून ७५० सुद्धा चालतं, त्यापलीकडे नाही. सर्व्हरची खाजगी किल्ली कुणालाही वाचता येत असेल, तर नाही. आणि प्रत्येक वेळी का नाही ते स्पष्ट सांगून थांबतं. आमच्या मुलाने त्यावर ७७७ मारलं असतं तर ते उठलंच नसतं, आणि त्याला माझी वाट बघावी लागली असती. मायएसक्यूएलही रूट म्हणून मुकाट चालत नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. पण कॉन्फिग संशयास्पद दिसल्यावर न थांबता, एक ओळ लॉगमध्ये टाकून, जुन्या पत्त्यावर जाऊन ‘आलो बरं का’ म्हणणारा सर्व्हर मला अजून पटत नाही. नकार आला असता तर व्यापारी तासभर ओरडले असते. होकार आला आणि लोक चुकीच्या महिन्यात बिलं फाडू लागले.

७७७ बद्दल मुलाशी नंतर बोलणं झालं. तो म्हणाला, “मॅडम, कुणाला परवानगी पाहिजे ते कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांना दिली.” इतका प्रामाणिक खुलासा मी कुठल्या सीनियरकडूनही ऐकला नाही. आम्ही सगळे तेच करतो. प्रश्न एकच असतो, हे काम कोणता युजर करतोय. आणि तो शोधायचा कंटाळा येतो. शनिवारी त्याला फक्त एवढं शोधायचं होतं की रिपोर्टची स्क्रिप्ट कुणाच्या नावाने चालते. एक ‘रिपोर्ट्स’ फोल्डर तिच्या नावावर करून दिला असता की विषय संपला होता. आता मी त्याला एक सवय लावलीय. परवानगी दिली की सुडो वापरून त्या युजरच्याच नावाने ती फाईल उघडून बघायची, आणि मग ज्याला ती मिळायला नको अशा एकाच्या नावाने. दुसरी चाचणी तो अजून विसरतो.

निघायच्या आधी मी मशीनवरच्या महत्त्वाच्या सगळ्या फोल्डरांच्या याद्या छापून घेतल्या. डेटा, कॉन्फिग, लॉग, बॅकअप. चौदा पानं. घरी पेन्सिल घेऊन निवांत तपासायच्या होत्या, स्क्रीनवर बघितलं की डोळा घसरतो. परतीच्या रस्त्यावर खाडीकडून गार वारा येत होता आणि विटाव्यात कुणीतरी भजी तळत होतं.

घरी दिवे होते, पंखा फिरत होता. बाबांनी कागद मागून घेतले. मला वाटलं, उगाच चाळत असतील. मी आंघोळ करून आले तर ते टेबलाशी बसलेले, चष्मा नाकावर, हातात माझी फूटपट्टी, ओळीखाली धरून सरकवत चाललेले. पूर्वी रात्री असेच उतारे तपासत बसायचे.

“हे मालकाचं नाव,” त्यांनी विचारलं, “आणि ही शेवटची तीन घरं बाकीच्यांची ना?”

“हो.”

“सगळीकडे रिकामी आहेत.”

“तशीच हवीत. कॉन्फिगचं पान सोडून.”

“ते कळलं मला.” त्यांनी तेरावं पान वर काढलं. फूटपट्टी मधोमध एका ओळीवर ठेवलेली होती आणि समासात पेन्सिलीची बारीक फुली. “मग ही?”

बॅकअपची फाईल होती. रोज रात्री दोन वाजता डेटाबेसची पूर्ण नक्कल काढून, दाबून ठेवणारी स्क्रिप्ट मीच लिहिली होती, तीन वर्षांपूर्वी. मालक रूट. परवानगी ६४४. म्हणजे डेटाच्या दाराला मी दुपारभर कुलपं लावत बसले होते, आणि त्याच डेटाची नक्कल ओसरीवर, कुणीही वाचावी अशी. स्क्रिप्टमध्ये उमास्क, म्हणजे नव्या फाईलवर कुठल्या परवानग्या नकोत ते, ठरवायचं राहिलं होतं, त्यामुळे रोज रात्री एक नवी फाईल तशीच पडत होती. खाली अशा एकोणतीस ओळी आणखी होत्या. बाबांनी प्रत्येकीसमोर फुली केली होती.

मी लॅपटॉप उघडला. बाबा चौदावं पान घेऊन फूटपट्टी लावत होते.